दोन ते सहाचा डाव

शकुंतलाताई,

तुमच्या बेडवर काल दुसरं माणूस झोपवलं. पैठणकडचे एक गुरुजी आहेत, रिटायर झालेले. भिंतीकडं तोंड करून चार तास पडून राहिले. मला त्यांचा राग आला. त्यांनी माझं काय वाईट केलं होतं? काहीच नाही. ते फक्त तुमच्या जागी होते. मग आठवलं की मला तरी माझा बेड कसा मिळाला होता. डायलिसिस सेंटरवर जागा रिकामी होते ती दोनच कारणांनी. कुणाला किडनी मिळते म्हणून, नाहीतर दुसऱ्या कारणानं. किडनी मिळालेलं माणूस आपण दोघांनी अडीच वर्षांत एकच पाहिलं. दुसऱ्या कारणाबद्दल आपण कधी बोललो नाही.

पहिल्या दिवशी मी असाच भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. तेहतीस वर्षांचा होतो. वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाच्या पावत्या लिहायचो, डोकं दुखलं की मेडिकलमधून गोळी आणून खायचो, आणि हे सहा-सात वर्षं चाललं होतं. कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. मेडिकलवालाच म्हणायचा, बीपी तपासून घे एकदा. मी म्हणायचो, घेतो. शेवटी तपासलं तेव्हा किडन्या गेल्या होत्या. डाव्या हातात दोन जाड सुया खुपसून सेंटरवरच्या टेक्निशियननं, सलीमभाईनं, मशीन चालू केलं आणि माझंच रक्त माझ्यासमोर नळीतून बाहेर जाताना पाहून मी डोळे मिटून घेतले. तेव्हा शेजारच्या बेडवरून तुमचा आवाज आला.

"पत्ते येतात का रे तुला?"

मी म्हणालो, दिवाळीत तीन पत्ती खेळतो.

"ते नशिबाचं झालं. ह्याच्यात डोकं लागतं. फोन काढ."

साठीची बाई, कपाळावर मोठं कुंकू, नऊवारीतून पाचवारीत आलेली पण पदर अजून डोक्यावर, आणि ती मला इंटरनेटवरचा पोकर शिकवायला निघालेली. मला वाटलं, औषधानं डोकं फिरलंय हिचं. सलीमभाई तुमच्या मशीनचे आकडे बघत म्हणाला, "ताई के सामने मत बैठो भाई, सबको लूटती है." तुम्ही त्याला हातानंच गप्प केलं होतं.

गुलमंडीत लोक तुम्हाला लेसवाल्या ताई म्हणायचे. नवरा गेल्यावर कुंकू तसंच ठेवून लेस, बटणं, अस्तर आणि साडीचे फॉल यांचं ते बोळकांडीएवढं दुकान तुम्ही एकटीनं चालवलं, वरच्या दोन खोल्यांत राहिलात, रेवतीला शिकवलं, सिडकोत तिचं लग्न करून दिलं. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं. पण फोल्ड, कॉल, रेज हे शब्द तुम्ही असे वापरायचा की जणू पाचोडला माहेरी लहानपणापासून बोलत आलात. डायलिसिसचे चार तास कसे काढायचे म्हणून सुरुवातीला भजनं ऐकली, म्हणालात, मग मालिका बघितल्या, मग कंटाळून एक दिवस फोनवर चुकून हा खेळ उघडला. फुकटचा खेळ. रोज सकाळी ॲपवाले खोटे चिप्स देतात, ते हरले तरी दुसऱ्या दिवशी परत देतात. पैशाचा पोकर तुम्ही कधी खेळला नाहीत आणि मलाही खेळू दिला नाही. "अंगातलं रक्त लावून बसलोय इथं, तेवढं पुरे," असं म्हणाला होतात.

नियम तुम्ही मला अर्ध्या तासात शिकवले. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी पाच. आपल्या दोनांची आणि टेबलावरच्या पाचांची मिळून सगळ्यात चांगली पाच पानांची जुळणी ज्याची, तो जिंकला. जमत नसेल तर पत्ते सोडायचे. एवढंच. "खेळ एवढाच आहे," तुम्ही म्हणालात, "बाकी सगळ्या चुका आहेत."

त्या चुका मी पुढं अडीच वर्षं, सोमवारी आणि गुरुवारी, दोन ते सहा, तुमच्या शेजारी पडून केल्या.

पहिली मोठी चूक मला अजून दिसते. माझ्याकडं दोन जोड्या आल्या होत्या, राजे आणि दहिले. मी इतका खूश झालो की होते नव्हते ते सगळे चिप्स पुढं सारले. समोरच्यानं शांतपणे आपला इस्पिक दाखवला आणि सगळं घेऊन गेला. मी म्हणालो, काय नशीब आहे साल्याचं. तुम्ही तुमचा डाव थांबवून माझा फोन मागितलात. "बघ. टेबलावर पाचातले चार पत्ते इस्पिकचे पडलेत. हातात एक इस्पिक असला तरी पाची एका जातीचे होतात, तो माणूस तुझ्या वर जातो. हे दिसत नव्हतं?"

मी म्हणालो, दिसत होतं, पण लक्षात आलं नाही.

"कारण तुला तुझेच पत्ते दिसतात. दुसऱ्यानं काय मांडून ठेवलंय ते बघायची सवय नाय तुला."

मला ते लागलं होतं. मी दोन दिवस तुमच्यावर चिडून होतो. घरी बायकोला, मनीषाला, सांगितलं तर ती म्हणाली, "खरंच बोलल्या त्या."

मग ती ऑल-इनची, म्हणजे सगळे चिप्स एकदम लावायची, चूक. आपल्या उजव्या दंडाला बीपीचा पट्टा बांधलेला असायचा आणि तो दर अर्ध्या तासानं आपोआप फुगायचा. मी पत्ते सोडायला अंगठा नेला आणि नेमका तेव्हाच पट्टा आवळला. हात हलला, अंगठा भलत्या बटणावर पडला, सगळे चिप्स गेले. त्या दिवशी तुम्ही इतक्या हसलात की तुमच्याच मशीनचा अलार्म वाजला आणि सलीमभाई धावत आला. "हाथ मत हिलाओ ताई, सुई निकलेगी!" हसू आवरल्यावर मात्र तुम्ही म्हणालात, "पट्टा अर्ध्या तासानं फुगतो हे तुला ठाऊक आहे ना? मग त्या टायमाला बटणाजवळ बोट नेलंस काहून?" मी म्हणालो, आता याचंही भान ठेवायचं का? "व्हय," तुम्ही म्हणालात. "ज्याचं भान ठेवता येतं त्याचं ठेवायचं. ज्याचं ठेवता येत नाय ते लई आहे."

सहा वाजता सुया काढल्या की दहा मिनिटं कापूस दाबून बसावं लागतं, नाहीतर रक्त थांबत नाही. एका हाताला भोकं, दुसरा हात त्यावर दाबलेला. फोन धरता येत नाही. ती दहा मिनिटं तुम्ही हिशेबाला धरली होती. आज काय चुकलं ते मोठ्यानं सांगायचं. नशीब म्हणायचं नाही, समोरचा मूर्ख होता असं म्हणायचं नाही. मी काय केलं, एवढंच. मी सांगायचो: हरल्यावर चिडून पुढचे चार डाव कसलेही पत्ते घेऊन खेळलो. मी सांगायचो: दोन एक्के हातात आले म्हणून समोरचा काय करतोय ते बघितलंच नाही. तुम्हीही सांगायचा. तुमच्या चुका कमी असायच्या पण तुम्ही शोधून काढायचा. "गिऱ्हाइकाचा फोन घेत घेत खेळले आज. वेलवेटची लेस का सॅटिनची, त्या नादात चांगला डाव सोडून दिला."

सलीमभाई म्हणायचा, "ये दोनो इकबालिया बयान दे रहे हैं." कबुलीजबाब देतायत म्हणे.

आपलं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. मी म्हणायचो, ताई, खोटे चिप्स आहेत. सकाळी परत मिळतात. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? तुम्ही म्हणायचा, चिप्स खोटे आहेत, पण खेळणारा तूच आहेस. मी म्हणायचो, खेळाला खेळ राहू द्या. तुम्ही म्हणायचा, बेफिकिरी काही जागा बघून येत नाही. हे भांडण आपण कितीदा केलं असेल. कधी मिटलं नाही. खरं सांगू का, मला तुमचं म्हणणं पटलं होतं. दुसऱ्या वर्षीच पटलं होतं. कबूल करायचं राहिलं. कबूल केलं असतं तर भांडण संपलं असतं, आणि ते मला नको होतं.

एकदा मात्र तुम्ही खरंच तोडून बोललात. मावसभावाच्या लग्नाला मी गावाकडं वैजापूरला गेलो होतो. उन्हाळा, मांडव, जो तो हातात सरबत देतोय. डायलिसिसवाल्यांना लघवी होत नाही, प्यालेलं पाणी अंगातच राहतं, मग पायांवर येतं, मग छातीत येतं, हे मला पाठ होतं. तरी प्यायलो. सोमवारी वजनकाट्यावर उभा राहिलो तर पाच किलो जास्त. श्वास पुरत नव्हता, बोलता येत नव्हतं. सलीमभाईनं शिव्या घालत मशीन लावलं. दोन तासांनी थोडा दम आला तसा मी फोन काढला आणि म्हणालो, चला ताई, लावायचा का डाव.

"तुझ्याबरोबर मी खेळत नाय," तुम्ही म्हणालात. "जा, दुसरं कुणी बघ."

का, म्हणून विचारलं.

"तुझी बायको बाहेर बाकड्यावर बसलीय. तिचं तोंड बघितलंस का येताना? नाय बघितलंस. म्हणून."

दोन आठवडे तुम्ही माझ्याशी खेळला नाहीत. नंतर आपणहून फोन उघडलात आणि काहीच झालं नसल्यासारखं म्हणालात, बस. त्या दिवसापासून आजपर्यंत मी दोन किलोच्या वर गेलो नाही, ताई. हे तुमच्यामुळं. हे मी तुम्हाला बोलून दाखवायला हवं होतं. बोललो नाही.

तहानेबद्दल मात्र आपण भरपूर बोलायचो. तुमचा तो लहान स्टीलचा पेला, दिवसभरात मोजून तेवढंच. बर्फाचा खडा तोंडात धरायचा, लिंबाची फोड चोखायची, ह्या युक्त्या तुम्हीच मला दिल्या. फळांचंही तुम्हीच शिकवलं. केळं नको, संत्रं नको, आणि शहाळं तर नकोच नको. पोटॅशियम वाढतं आणि हृदय मध्येच थांबतं. "शहाळं आपल्याला जहर आहे," तुम्ही नव्या पेशंटांना स्वतःहून सांगायचा, डॉक्टरांच्याही आधी. आणि एकदा कापूस दाबून बसल्या बसल्या, चुका सांगून झाल्यावर, तुम्ही एकदम म्हणालात, "एकदा लोटाभर पाणी प्यायचंय रे गणेश. न मोजता." मी हसलो. तुम्ही हसला नव्हतात.

आता तो गुरुवार.

दोनला मी पोचलो तेव्हा तुमचा बेड रिकामा होता. सलीमभाई म्हणाला, ताईंनी नंबर बदलून घेतलाय, उद्या सकाळी येणार. लग्नसराई होती, मला त्यात विशेष वाटलं नाही. मी खेळ उघडला. त्या दिवशी शंभर जणांची फुकट स्पर्धा होती. तुम्हाला माहीत आहे, आपण दोघांनी किती महिने त्यात शेवटच्या टेबलापर्यंत जायचा प्रयत्न केला होता ते. त्या दिवशी मी तुम्ही शिकवलेलं सगळं केलं. टेबलावरचे पत्ते बघितले. प्रत्येक माणूस कसा खेळतो ते बघितलं. पट्टा फुगायच्या वेळी हात बाजूला ठेवला. हरलो तेव्हा दोन डाव नुसता बसून राहिलो. सव्वातीनला मी शेवटच्या नऊ जणांत होतो.

तेव्हा तुमचा मेसेज आला. फोनच्या वरच्या कडेला एक पट्टी येते ना, तेवढीच मी वाचली. "आज येत नाय. पाचोडची माणसं आलीत लग्नाच्या खरेदीला. उद्या सकाळचा…" एवढंच तिथं मावलं होतं. पुढचं दिसायला मेसेज उघडावा लागला असता. माझी खेळायची पाळी होती, बारा सेकंद उरले होते. मी त्या पट्टीवरूनच अंगठा पाठवला. बरं, ठीक, या अर्थाचा अंगठा. आणि परत डावात शिरलो.

तुमचा पूर्ण मेसेज असा होता. "आज येत नाय. पाचोडची माणसं आलीत लग्नाच्या खरेदीला. उद्या सकाळचा नंबर घेतलाय. पण अंग लई जड झालंय. श्वास पण लागतोय थोडा. येऊ का आजच?"

येऊ का आजच. आणि मी अंगठा दाखवला.

त्या अंगठ्याचा तुम्ही काय अर्थ लावलात, ताई? होय, या, असा लावलात का? मग निघाला का नाहीत? का तुम्हाला वाटलं की गणेश म्हणतोय, उद्याचं ठीक आहे, काही होत नाही? सेंटरवर पडलेला, सगळं भोगलेला माणूस म्हणतोय म्हणजे ठीकच असेल? पंधरा दिवस झाले, दिवसातून दहादा मी हा प्रश्न विचारतो. उत्तर कुठून येणार.

मी ती स्पर्धा जिंकलो. शंभरात पहिला. पडद्यावर सोनेरी कप आला, कागदाचे कपटे उडाले. त्याचा फोटो काढून सहा वाजता, कापूस दाबायच्या आधी, तुम्हाला पाठवला. पाठवताना वर तुमचा मेसेज होता. तेव्हा तो मी पूर्ण वाचला.

इथं खोटं बोलायचं असतं तर मी म्हणालो असतो की वाचलाच नाही. पण वाचला. फोन लावायला हवा होता. लावणारच होतो, तेवढ्यात तुमचं उत्तर आलं. "शाब्बास! चूक कोणती झाली ते सांग." आणि मला वाटलं, ताई बऱ्या आहेत. चेष्टा करतायत म्हणजे बऱ्याच आहेत. सकाळी येणारच आहेत. त्यांना काय मी सांगायचं, त्याच मला सांगतात.

मी लिहिलं, "आज एकही नाही, ताई."

दोन निळ्या खुणा आल्या. तुम्ही वाचलंत. पुढं काही आलं नाही.

सकाळी नऊच्या सुमारास सलीमभाईचा फोन आला. "गणेश, बैठा है क्या? बैठ पहले." अडीच वर्षांत त्यानं मला नावानं कधी हाक मारली नव्हती, नेहमी भाई म्हणायचा. त्यावरूनच मला कळलं.

बाकीचं नंतर कळलं. पाचोडची माणसं म्हणजे तुमच्या चुलतभावाची लेक, तिचं लग्न. हाताखालची मुलगी रजेवर. माहेरची माणसं दारात आलेली, त्यांना उद्या या म्हणून कसं सांगायचं? चार तास उभ्या राहून तुम्ही त्यांना लेस कापून दिली. उन्हाचा त्रास होतोय बघून त्यांच्यातल्याच कुणीतरी समोरच्या गाड्यावरून शहाळं आणलं. आक्का, घे, थंड आहे. आणि तुम्ही घेतलंत.

यावर मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही का घेतलंत, ताई? माझे पाच किलो वाढले तर दोन आठवडे खेळला नाहीत, आणि तुम्ही? माहेरच्या माणसाला नाही म्हणवलं नाही म्हणून? का विसरलात? तुम्ही विसरणाऱ्यातल्या नव्हतात. का तहान लागली होती, एवढंच? मी चिडतो, आणि मग तो लोटा आठवतो, आणि चिडणं तिथंच गळून पडतं. ती चूक होती असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही ती काय होती. माझी मात्र चूकच होती, आणि ती मला नीट माहीत आहे.

शुक्रवारी सकाळी सातला रेवती तुम्हाला सेंटरवर न्यायला आली. दार नुसतं लोटलेलं होतं. तुम्ही अंघोळ करून, साडी नेसून, केस विंचरून खुर्चीवर बसला होतात. मांडीवर सेंटरची पिशवी, पिशवीत चादर, फाईल, चार्जर. पायांत चपला. निघायच्या तयारीत. रेवतीनं तीनदा हाक मारली आणि मग खांद्याला हात लावला.

दहाव्याला मी आलो होतो, पण मागंच उभा राहिलो. रेवतीशी बोलायचं धाडस झालं नाही. या सोमवारी सकाळी तिचाच फोन आला. "दुकानावर या. बोलायचंय."

साडेबारा-एकला गुलमंडीत गेलो. शटर अर्धं वर होतं. रेवती तुमच्या जागेवर बसली होती, पुढ्यात लेसची रिळं, आणि त्यांच्या शेजारी तुमचा फोन. तिनं चहा विचारला नाही. मेसेज उघडून फोन माझ्याकडं फिरवला.

"हा अंगठा तुमचा ना?"

मी हो म्हणालो.

"तुम्ही वाचलं होतं का सगळं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. नुसतं जाणून घ्यायचं होतं, असं वाटलं. मी येताना रिक्षात दोन-तीन उत्तरं तयार केली होती. रेंज नव्हती. सुईच्या हातानं चुकून दबलं. एकही तोंडातून निघालं नाही.

"नाही," मी म्हणालो. "अर्धंच वाचलं. खेळत होतो. सहाला पूर्ण वाचलं, तरी फोन केला नाही. वाटलं बऱ्या आहेत."

"आणि मग हे लिहिलं. एकही चूक नाही."

"हो."

तेवढ्यात एक बाई ब्लाउजपीस घेऊन आली, याला मॅचिंग लेस दाखवा म्हणाली. रेवतीनं उठून तीन रिळं काढली, कापडाला लावून दाखवली, मीटरपट्टीवर मोजून कापून दिली. हात तुमच्यासारखेच चालतात तिचे. बाई गेली. रेवती परत बसली.

"मलाही केला होता फोन," ती म्हणाली. "चारला. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. म्हटलं, आई, दुकान बंद कर आणि झोप जरा, सकाळी मी येते. अर्धा मिनिट बोलले असेन. माझा फोन कुणाला दिसत नाही, तुमचा अंगठा दिसतो, एवढाच फरक आहे."

मी काहीतरी बोलणार होतो, तुमचा काय दोष, असलं काहीतरी. तिनं हात वर केला.

"नका बोलू. मी तुम्हाला माफ बिफ करायला बोलावलं नाही. मला नाही जमत आत्ता. मला फक्त खरं ऐकायचं होतं. आठ दिवस मला वाटत होतं की तुम्ही खोटं बोलाल."

रस्त्यावर हॉर्न वाजत होते, समोरच्या दुकानात कुणीतरी परकराचं कापड फाडत होतं. मला उठवत नव्हतं. डोकं खाली घालून मी त्या रिळांकडं बघत होतो आणि मला वाटत होतं, आज नाही गेलो तरी काय होतंय. खरंच वाटलं तसं. एक दिवस न गेल्यानं काय होतं ते मला माहीत होतं, आणि तरी वाटलं.

"आज सोमवार," रेवती म्हणाली.

मी मान हलवली.

"आईचा नंबर दोनचा असायचा. तुमचा?"

"दोनचाच."

तिनं घड्याळाकडं बघितलं. "दीड वाजून गेला."

मी तसाच बसलो होतो. ती उठली, काउंटरच्या बाहेर आली, माझी पिशवी खुर्चीवरून उचलून माझ्या हातात दिली आणि शटर आणखी वर सारलं, मला वाकावं लागू नये एवढं. पायरीवर उभी राहून तिनं हात करून रिक्षा थांबवली.

"जा," ती म्हणाली. "उशीर करू नका."

तिचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते. रिक्षावाला दोनदा म्हणाला, कुठं जायचं, आणि मला सांगता येईना, तर रेवतीनंच सांगितलं.

दोनला पाच कमी असताना मी सेंटरच्या वजनकाट्यावर उभा होतो, ताई.